प्रकल्प नोंदी: हॉपकिन्स घराणे, हर्स्ली ते ईस्टहॅम

८ जून २०२४

नातीच्या वंशावळीचे काम आज रीतसर हाती घेतले. आमच्या बाजूची वंशावळ छापील कुळवृत्तांतात आहे आणि त्याच्या पुढच्या दोन पिढ्या मीच लिहून ठेवल्या आहेत. जावयाच्या बाजूची मात्र त्याच्या आत्याबाईंकडे एका पुठ्ठ्याच्या खोक्यात होती. मुलीकडे मॅसॅच्युसेट्सला आल्यावर मी ते खोके पाहायला मागितले आणि त्यांनी फार आनंदाने ते माझ्या हवाली केले. त्यात साधारण १९३० च्या सुमाराचा हाताने काढलेला तक्ता, घरच्या दोन बायबलांच्या कोऱ्या पानांवर पिढ्यानपिढ्या लिहिलेल्या जन्ममृत्यूंच्या नोंदींच्या प्रती आणि पत्रांची एक चळत आहे. तक्त्याच्या मुळाशी १६२० साली इंग्लंडहून अमेरिकेत वसाहत करायला निघालेल्या मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या स्टीफन हॉपकिन्स याचे नाव असून, तो ग्लॉस्टरशर परगण्यातील वॉटन-अंडर-एजचा आणि त्याची पहिली बायको कॉन्स्टन्स डडली असे सुबक अक्षरात लिहिले आहे.

मी अनेक वर्षे भूमी अभिलेखात काम केले आहे. कागद जोडल्याशिवाय फेरफार मंजूर करायचा नाही ही सवय अंगात मुरलेली असल्याने, इथेही प्रत्येक नावापुढे ‘सिद्ध’, ‘संभाव्य’ किंवा ‘ऐकीव’ यांपैकी एक शेरा लिहायचा आणि शेऱ्यावाचून एकही नाव वर चढवायचे नाही, असे ठरवले आहे.

१५ जून

वंशावळ आजच्या माणसापासून मागे न्यायची, मूळ पुरुषापासून पुढे आणायची नाही, हा या कामाचा पहिला नियम. पुढून आणू लागलो की आपल्याला हवा तो वारस कुठल्याही समान नावाच्या माणसात दिसू लागतो. जावयापासून १८४१ पर्यंत मागे जाणे सोपे निघाले, कारण त्या वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची राज्यपातळीवरची नोंदणी सुरू झाली; शिवाय १८५० च्या खानेसुमारीत प्रथमच घरातल्या गुलाम नसलेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव लिहिले गेले. त्याआधी गावच्या कारकुनाच्या वह्या पाहाव्या लागतात, पण १८५० पर्यंतच्या अशा बऱ्याच वह्या गाववार छापलेल्या असल्याने तेही काम जड गेले नाही. वरच्या टोकाला मेफ्लॉवरच्या वंशजांच्या संस्थेने पहिल्या पाच पिढ्या पुराव्यांसह प्रसिद्ध केलेल्या आहेत. अडचण मधल्या पट्ट्यात आहे.

त्या पट्ट्यात एकाच गावात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ सापडले. आत्याबाईंच्या तक्त्यात त्यांतला एक निवडला आहे, पण का निवडला ते लिहिलेले नाही. बायबलाच्या पानावर बायकोचे नाव होते आणि त्याच बायकोची सही एका जमिनीच्या खरेदीखतावर मिळाली. तेव्हा तक्त्यातली निवड बरोबर ठरली. शेरा ‘सिद्ध’.

२९ जून

आज तक्त्याच्या मुळालाच हात घालावा लागला. वॉटन-अंडर-एजच्या स्टीफनची कथा विसाव्या शतकात बराच काळ चालली आणि अनेक घरांच्या तक्त्यांत जाऊन बसली. आत्याबाईंच्या वडीलधाऱ्यांनी ती त्या काळच्या समजुतीनुसारच उतरवली, त्यात त्यांचा दोष नाही. पुढे कॅलेब जॉन्सन या संशोधकाला हॅम्पशरमधील हर्स्ली गावच्या चर्चच्या नोंदवहीत स्टीफन हॉपकिन्सच्या तीन मुलांचे बाप्तिस्मे सापडले आणि ते १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. एलिझाबेथ, १३ मार्च १६०३/०४, म्हणजे आपल्या हिशेबाने १६०४. कॉन्स्टन्स, ११ मे १६०६. जाइल्स, ३० जानेवारी १६०७/०८. कॉन्स्टन्स आणि जाइल्स ही दोन नावे पाठोपाठ एकाच स्टीफन हॉपकिन्सच्या घरात यावीत आणि तीच दोन नावे मेफ्लॉवरच्या यादीतही स्टीफनच्या मुलांची असावीत, हा योगायोग नव्हे. या मुलांच्या आईचे नाव मेरी. ९ मे १६१३ रोजी हर्स्लीतच तिचे दफन झाले आणि त्यानंतर तिच्या मालमत्तेच्या व्यवस्थेचे जे कागद झाले, त्यांत याच तीन मुलांची नावे आहेत.

म्हणजे कॉन्स्टन्स डडली या नावाची बायको तक्त्यातून काढावी लागणार. तिच्या मागे एकही कागद उभा राहत नाही.

स्टीफनचा स्वतःचा बाप्तिस्मा हॅम्पशरमधल्याच अपर क्लॅटफर्ड येथे ३० एप्रिल १५८१ रोजी झाला आणि त्याच्या वडिलांचे नाव जॉन, हे २००४ मध्ये मांडले गेले. ते आज बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे, तरी ही मांडणी नाव, काळ आणि जवळची गावे यांच्या मेळावर उभी आहे. म्हणून मी तिथे ‘संभाव्य’ असाच शेरा ठेवते. मुलांचे बाप्तिस्मे आणि मेरीचे दफन यांना ‘सिद्ध’.

६ जुलै

तारखांविषयी एक स्वतंत्र टिपण करणे भाग आहे, कारण जावयाने काल मोठ्या काळजीने विचारले की कॉन्स्टन्स मे १६०६ ची आणि जाइल्स जानेवारी १६०७ चा, तर मध्ये जेमतेम साडेआठ महिने उरतात. मग दोघे एका आईचे कसे? त्याने जुन्या नक्कलेतले १६०७ हे साल तसेच वाचले होते. इंग्लंडमध्ये त्या काळी वर्ष २५ मार्चला बदलत असे. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले चोवीस दिवस आधीच्याच वर्षात मोजले जात. त्यामुळे वहीतला जानेवारी १६०७ हा आपल्या हिशेबाने जानेवारी १६०८ होतो आणि दोन भावंडांत वीस महिन्यांचे अंतर पडते. म्हणूनच अशा तारखा १६०७/०८ अशा जोडसालाने लिहितात. १७५२ मध्ये इंग्लंडने आणि तिच्या वसाहतींनी नवी दिनदर्शिका स्वीकारली, वर्षारंभ १ जानेवारीला आणला आणि त्या सप्टेंबरातून अकरा दिवस गाळले. शक आणि इसवी सनाचा मेळ जंत्रीत पाहून घालायची सवय असलेल्या माणसाला यात अवघड काही नाही, पण ही खूण ठाऊक नसेल तर निष्कारण एका बाईच्या चारित्र्यावर किंवा एका मुलाची आई कोण यावर शंका येते. तक्त्यातल्या सगळ्या तारखा मूळ जुन्या पद्धतीनेच ठेवते आणि साल मात्र दुहेरी लिहिते.

१३ जुलै

या कुटुंबाच्या इतिहासाचा सर्वांत विलक्षण भाग मेफ्लॉवरच्या अकरा वर्षे आधीचा आहे आणि आत्याबाईंच्या तक्त्यात त्याचा उल्लेखही नाही. जून १६०९ मध्ये स्टीफन ‘सी व्हेंचर’ या जहाजातून व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनकडे निघाला. जुलैच्या अखेरीस वादळाने जहाज बर्म्युडाच्या खडकांवर नेऊन घातले. जहाजावरची सुमारे दीडशे माणसे सगळी वाचली आणि त्या निर्मनुष्य बेटांवर त्यांनी जवळजवळ दहा महिने काढले. त्यांच्यापैकीच एक असलेल्या विल्यम स्ट्रेची याने लिहून ठेवलेली हकिगत पुढे १६२५ मध्ये छापली गेली. तिच्यात स्टीफन हॉपकिन्स हा पाद्र्याचा कारकून, स्तोत्रे वाचणारा आणि धर्मग्रंथाचा चांगला जाणकार म्हणून येतो. जानेवारी १६१० मध्ये त्याने आपल्या सोबत्यांपुढे असा मुद्दा मांडला की जहाज फुटले त्याच घटकेला गव्हर्नरचा अधिकारही संपला, आणि आता जो तो आपला व आपल्या कुटुंबाचा विचार करायला मोकळा आहे. गव्हर्नर सर टॉमस गेट्स याने त्याला बंडखोर ठरवून मृत्युदंड सुनावला. तेव्हा त्याने बायकोमुलांच्या वाताहतीचा धावा करून इतकी करुणा भाकली की कॅप्टन न्यूपोर्टसह प्रतिष्ठित मंडळींनी मध्ये पडून त्याला क्षमा मिळवून दिली.

ही बायको म्हणजे मेरी. स्टीफन निघाला तेव्हा एलिझाबेथ पाच वर्षांची, कॉन्स्टन्स तीन वर्षांची आणि जाइल्स दीड वर्षाचा होता. बर्म्युडाच्या किनाऱ्यावर तिचे नाव घेऊन एका माणसाने आपला जीव वाचवला, हे हर्स्लीत तिच्या कानावर कधी गेले असेल असे मला वाटत नाही. बेटावरच्या देवदाराच्या लाकडाची आणि फुटक्या जहाजाच्या अवशेषांची दोन लहान जहाजे बांधून मंडळी मे १६१० मध्ये जेम्सटाउनला पोहोचली, तेव्हा तिथे उपासमारीतून उरलेली साठेक माणसे त्यांना भेटली.

२० जुलै

लंडनजवळच्या व्हाइटचॅपल येथे सेंट मेरी मॅटफेलन चर्चमध्ये स्टीफनचे एलिझाबेथ फिशर हिच्याशी लग्न, १९ फेब्रुवारी १६१७/१८. ‘सिद्ध’. तक्त्यात हे लग्न १६१७ असे होते. दुहेरी साल लिहून दुरुस्त केले.

३ ऑगस्ट

मेफ्लॉवरच्या उतारूंची सर्वांत विश्वसनीय यादी या उतारूंनी वसवलेल्या प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने आपल्या हस्तलिखिताच्या शेवटी लिहून ठेवली. या हस्तलिखिताचाही एक प्रवास आहे: अमेरिकेतल्या स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ते बोस्टनहून नाहीसे झाले, १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या फुलहॅम पॅलेसमधील ग्रंथसंग्रहात असल्याचे ध्यानात आले आणि १८९७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला परत आले. यादीत हॉपकिन्स कुटुंबाची आठ माणसे आहेत: स्टीफन, त्याची बायको एलिझाबेथ, जाइल्स आणि कॉन्स्टन्स, धाकटी डॅमरिस, समुद्रावरच जन्मलेला आणि म्हणून ओशियानस हे नाव मिळालेला मुलगा, आणि एडवर्ड डोटी व एडवर्ड लेस्टर हे दोन नोकर. थोरली एलिझाबेथ यादीत नाही. जाइल्स आणि कॉन्स्टन्स यांच्यापुढे ब्रॅडफर्डने ती दोघे आधीच्या बायकोची, एवढेच लिहिले आहे. या घराण्याच्या अमेरिकेतल्या कागदांत मेरी एवढीच उरली, ‘आधीची बायको’. आमच्या कुळवृत्तांतातही कितीतरी स्त्रिया अशाच ‘प्रथम पत्नी’ म्हणून एका शब्दात आटोपलेल्या आहेत, आणि तो शब्द वाचताना आजवर मी कधी थांबले नव्हते.

उतारू एकशे दोन होते आणि पहिल्या हिवाळ्यात त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले. हॉपकिन्सच्या घरची आठही माणसे मात्र वसंत पाहायला उरली. किनाऱ्याला लागण्याआधी जहाजावर एकेचाळीस पुरुषांनी सह्या करून आपणच आपले राज्य चालवण्याचा करार केला, त्यात स्टीफनची सही आहे. ब्रॅडफर्ड सांगतो की उतारूंपैकी काही जण, जहाज व्हर्जिनियाच्या हद्दीबाहेर आले असल्याने आता आपल्यावर कुणाची सत्ता नाही, असे बोलू लागले होते आणि म्हणून हा करार करावा लागला. त्याने कुणाचे नाव घेतलेले नाही. बर्म्युडातला मुद्दा नेमका हाच होता, एवढे मी समासात नोंदवते. त्यापुढे जाऊन स्टीफनच्या तोंडी ते शब्द घालण्याचा अधिकार कागद मला देत नाही.

नोव्हेंबर १६२० मध्ये केप कॉडवर टेहळणीला गेलेल्या पहिल्या तुकडीत स्टीफन होता. वाटेत वाकवलेली फांदी आणि खाली पसरलेले दाणे दिसले, तेव्हा तो हरणाचा फास आहे हे त्यानेच ओळखले. मागून येणाऱ्या ब्रॅडफर्डचा पाय तरी त्यात अडकलाच. त्याच फेरीत त्यांनी स्थानिक लोकांनी पुरून ठेवलेला मका उकरून नेला. १६ मार्च १६२१ रोजी सॅमोसेट नावाचा पहिला स्थानिक पाहुणा वस्तीत आला, त्याला रात्री हॉपकिन्सच्या घरात ठेवून त्याच्यावर पहारा ठेवण्यात आला. आणि जुलैमध्ये एडवर्ड विन्स्लो याच्याबरोबर वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट याच्या भेटीला स्टीफन गेला. त्यांचा वाटाड्या आणि दुभाषी टिस्क्वांटम हा मूळचा पॅटुक्सेट गावचा. प्लिमथची वस्ती ज्या जागेवर उभी राहिली ते गाव हेच. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पकडून स्पेनमध्ये विकायला नेले होते, आणि तो परत आला तोवर १६१६ ते १६१९ च्या साथीने त्याचे सगळे गाव ओस पडले होते. जमिनीच्या नोंदीत आधीचा कब्जेदार लिहावाच लागतो. तक्त्याच्या पहिल्या पानावर, प्लिमथच्या नावाखाली, मी पॅटुक्सेट असे लिहिले आहे.

१७ ऑगस्ट

प्लिमथच्या न्यायालयाच्या नोंदी वाचून झाल्या. स्टीफन १६३३ पासून काही वर्षे गव्हर्नरचा सहायक होता आणि त्याच पदावर असताना जून १६३६ मध्ये एका माणसाला मारहाण केल्याबद्दल त्याला दंड झाला. पुढे घरात रविवारी लोकांना दारू पिऊ दिली म्हणून तक्रार. क्वार्टला, म्हणजे सुमारे लिटरभराला, एक पेनीचीही नसलेली बिअर दोन पेनींना विकली म्हणून तक्रार. आणि शेजारच्या वसाहतीत नऊ पेनींना मिळणारा आरसा सोळा पेनींना विकला म्हणून तक्रार. आत्याबाईंना हे सांगावे की नाही असा प्रश्न मला पडला नाही, कारण याच वहीत त्याहून गंभीर गोष्ट आहे.

डॉरथी टेंपल ही स्टीफनच्या घरची मोलकरीण. ती गरोदर राहिली. मुलाचा बाप आर्थर पीच याला एका स्थानिक माणसाच्या खुनाबद्दल सप्टेंबर १६३८ मध्ये फाशी झाली होती. डॉरथीच्या कराराची दोन वर्षे बाकी होती, म्हणून तोवर तिचा आणि बाळाचा सांभाळ मालकाने करावा, असा न्यायालयाने फेब्रुवारी १६३८/३९ मध्ये आदेश दिला. स्टीफनने नकार दिला आणि त्याला अटकेत ठेवले गेले. चार दिवसांनी जॉन होम्स याने तीन पौंड आणि इतर काही मोबदला घेऊन तिची जबाबदारी स्वीकारली, तेव्हाच त्याची सुटका झाली. ज्याने बर्म्युडात आपल्या बायकोमुलांच्या नावाने प्राण मागून घेतला, त्याने दाराशी उभ्या असलेल्या एका निराधार बाळंतिणीला घरात ठेवून घेतले नाही. हे मला खुपले आहे आणि ते तक्त्यासोबतच्या टिपणात पूर्ण जाईल. डॉरथी वारसांत येत नाही, पण ती या घरात राहिलेली आहे.

२४ ऑगस्ट

स्टीफनचे मृत्युपत्र ६ जून १६४४ चे असून १७ जुलैला त्याच्या मालमत्तेची यादी झालेली आहे, म्हणजे मृत्यू या दोन तारखांच्या दरम्यानचा. आजवर वाचलेल्या कागदांत हा मला सर्वांत जवळचा वाटला, कारण त्यात गोठा जसाच्या तसा उभा राहतो. जाइल्सला मोठा वळू, जो त्या वेळी वॉरनबाईंकडे होता, त्या वळूच्या भाड्याचे वीस शिलिंग जाइल्सच्या मुलाला, म्हणजे आजोबाचेच नाव असलेल्या नातवाला, कॉन्स्टन्सला घोडी. मग चार धाकट्या मुलींची वाटणी: डेबराला रुंद शिंगांची काळी गाय आणि वासरू, डॅमरिसला ‘डॅमरिसची कालवड’ याच नावाने ओळखली जाणारी गाय आणि पांढऱ्या तोंडाचे वासरू, आणि ‘मॉटली’ नावाची गाय दोघींत निम्मी निम्मी, रूथला ‘रेड कोल’, एलिझाबेथला ‘स्माइकिन्स’, कुरळ्या केसांची गाय त्या दोघींत अर्धी अर्धी, आणि एलिझाबेथलाच शेपूट नसलेली एक कालवड. घर आणि जमीन मुलगा केलेब याला. देह शक्यतो मृत पत्नीच्या जवळ पुरावा, अशी इच्छा आहे. ही पत्नी दुसरी, एलिझाबेथ.

‘निम्मी गाय’ म्हणजे काय, हे नातीने विचारले. एक वर्ष दूध एकीचे आणि एक वर्ष दुसरीचे, की वासरांची वाटणी, ते मृत्युपत्रात नाही. पण सामाईक विहिरीच्या पाळ्या जिने वर्षानुवर्षे नोंदवल्या तिला ही भाषा परकी वाटत नाही.

याच कागदाच्या आणि गुरांच्या एका जुन्या यादीच्या मेळाने डॅमरिसचा घोळ मिटला. तक्त्यात १६२० ची डॅमरिस १६४६ मध्ये जेकब कुक याच्याशी लग्न करते. पण १६२७ मध्ये वसाहतीतली गुरे एकशे छप्पन माणसांत, तेरा तेरा जणांचे बारा गट करून वाटली, त्या यादीत हॉपकिन्सच्या गटात केलेब आणि डेबरा आहेत, डॅमरिस आणि ओशियानस नाहीत. पहिली डॅमरिस तोवर वारली होती आणि तिचे नाव नंतर जन्मलेल्या बहिणीला ठेवले गेले. एक ओळ होती तिथे आता दोन ओळी.

७ सप्टेंबर

प्लिमथच्या पिलग्रिम हॉल संग्रहालयात कॉन्स्टन्सची म्हणून जपलेली बीव्हरच्या केसांच्या नमद्याची टोपी आहे. काळी, उंच, ताठ काठाची. काचेपाशी नात बराच वेळ उभी होती. तिथून ईस्टहॅमला गेलो. कॉन्स्टन्सने निकोलस स्नो याच्याशी लग्न केले, आणि १६४४ मध्ये प्लिमथ सोडून नॉसेट येथे, म्हणजे आताच्या ईस्टहॅमला, वस्ती करणाऱ्या सात कुटुंबांत हे कुटुंब होते. ब्रॅडफर्डने साधारण १६५० च्या सुमारास हिशेब लिहिला तेव्हा तिची बारा मुले हयात होती, जाइल्सची चार, आणि केलेब खलाशी होऊन बार्बाडोसला वारला होता. ती ऑक्टोबर १६७७ मध्ये गेली. इथल्या जुन्या दफनभूमीत तिच्या आणि जाइल्सच्या नावाच्या खुणा आहेत, पण त्या वंशजांनी फार नंतर बसवलेल्या. तारखेचा पुरावा म्हणून मी त्या धरल्या नाहीत. माझ्या नातीची ओळ कॉन्स्टन्सपासून येते. म्हणजेच मेरीपासून.

२१ सप्टेंबर

स्वच्छ प्रत तयार झाली. स्टीफनच्या चौकटीला जोडून दोन चौकटी काढल्या आणि डावीकडच्या चौकटीत मेरीची ओळ लिहिली: हर्स्ली, तीन मुले, दफन ९ मे १६१३, सिद्ध. तिच्या माहेरच्या आडनावाबद्दल झालेली मांडणी अजून अनुमानाच्या पातळीवरची असल्याने ती पेन्सिलीने समासात ठेवली. लिहिताना ध्यानात आले की कॉन्स्टन्सच्या बाप्तिस्म्याला सात वर्षे पूर्ण व्हायला त्या दिवशी दोनच दिवस उरले होते.

आत्याबाई दुपारी येऊन सगळे पाहून गेल्या. वॉटन-अंडर-एज गेल्याचे त्यांना वाईट वाटले, कारण तरुणपणी त्या मुद्दाम ते गाव बघून आल्या होत्या. मग त्यांनी १९३० चा तक्ता उलगडला, डडलीच्या नावावर पट्टी धरून एक सरळ रेघ मारली आणि शेजारी मेरी असे लिहून मला तारीख पुन्हा एकदा सांगायला लावली.